‘माहीत आहे’चे इंग्रजी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत निरवांगीस गेलो असता शेजारच्या घरातील एक मुलगी माझ्याकडे व्याकरणातील एक शंका घेऊन आली. निरवांगी हे इंदापूर तालुक्यातील, नीरेच्या पट्ट्यातले गाव. नदीपलीकडे माळशिरस तालुका व सोलापूर जिल्हा लागतो. ऊस, दूध, आणि अलीकडे मुलामुलींच्या नोकऱ्या ह्यांवाचून तेथे बोलण्यास चौथा विषय क्वचितच निघतो. व्याकरण तर नाहीच नाही. म्हणूनच तो प्रसंग माझ्या मनात राहिला.

मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. पुण्यातील एका कचेरीत ती मुलाखतीस जाऊन आली होती. हिशेबाच्या कामातील एक प्रश्न तिला विचारण्यात आला, उत्तर ठाऊक नव्हते, तेव्हा तिने प्रांजळपणे सांगितले, “सर, आय ॲम नॉट नोइंग धिस.” समोर तिघे बसले होते. एकजण हसला, दुसऱ्याने कागदावर काही टिपले, आणि तिसऱ्याने पुढचा प्रश्न मराठीत विचारला. त्या हसण्यापेक्षा तो मराठी प्रश्नच तिला लागला.

“काका,” ती म्हणाली, “‘माहीत आहे’ ह्यात ‘आहे’ आहे ना? मग इंग्रजीत ‘ॲम’ का चालत नाही? आणि चालत नाही ते नाही, पण त्यात हसण्यासारखं काय आहे?”

प्रश्नाचा पहिला भाग कोणत्याही शाळामास्तरास सोडविता आला असता. जाणणे, आवडणे, समजणे, आठवणे, जवळ असणे इत्यादी स्थितिवाचक क्रियापदे इंग्रजीत अपूर्ण काळात चालवावयाची नसतात, हा नियम मी गेली तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. दुसरा भाग मात्र अवघड होता. कारण लगेच ती पुढे म्हणाली, “आम्हाला ती मिस पुष्पाची कविता होती. सर वाचायचे आणि सगळा वर्ग हसायचा. मीही हसले होते.”

ती कविता मीही दरवर्षी शिकवितो, आणि वर्ग कोठे हसणार हे मला आधीच ठाऊक असते. किंबहुना तो हशा पिकावा अशा बेतानेच मी ती वाचतो, हे येथे कबूल केले पाहिजे. एका मुलीस मुलाखतीत जे हसू सोसावे लागले ते हसण्याची तालीम आम्हीच वर्गात देत असू, तर ती कविता पुन्हा एकदा नीट वाचून पाहणे प्राप्त होते. प्रस्तुत लेख त्या वाचनाचा आहे.

निसिम एझिकेल (1924–2004) ह्यांचा ‘हिम्स इन डार्कनेस’ हा संग्रह 1976 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. मिस पुष्पाच्या निरोप-समारंभाची कविता त्यातली. कचेरीतील एक सहकारी परदेशी निघालेल्या बाईंच्या गौरवार्थ चार शब्द बोलतो, एवढाच तिचा विषय. ह्याच जातीच्या आणखी काही कविता कवीने लिहिल्या. एकीत शांततेचा कैवार घेणारा देशभक्त बोलतो, दुसरीत निवृत्त प्राध्यापक, तिसरीत रेल्वेचा कारकून. आणि त्या साऱ्यांस मिळून कवीने ‘भारतीय इंग्रजीतील अत्यंत भारतीय कविता’ अशा अर्थाचे मथळे दिले. त्यांत वक्त्यांची नावे, गावे आणि व्यवसाय बदलतात; एक गोष्ट बहुधा कायम राहते. जेथे इंग्रज माणूस साधा वर्तमानकाळ वापरील तेथे हे वक्ते अपूर्ण वर्तमान वापरतात. श्रोत्यांस बाईंचा गोडवा माहीत आहे, बाई थोर घराण्यातून आलेल्या आहेत, वडिलांचे गाव सुरत की बलसाड ते आता आठवत नाही, जग का भांडते ते समजत नाही: ही सर्व विधाने ‘इंग’ प्रत्ययाच्या वाटेने जातात.

ह्या कवितांविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, इंग्रजी घरात व इंग्रजी महाविद्यालयात वाढलेल्या कवीने कमी इंग्रजी येणाऱ्यांची केलेली ही टवाळी होय. दुसरे मत असे की, हे सारे मायेचे विनोद आहेत आणि त्यांत भारतीय इंग्रजीचा गौरवच झाला आहे. दोन्ही मते मांडणारे व्याकरणाकडे केवळ पोशाख म्हणून पाहतात. टवाळी असो की माया, ‘नोइंग’ हा विदूषकाच्या टोपीसारखा अंगावर चढविलेला शब्द आहे, असे दोघेही गृहीत धरतात. माझा आक्षेप ह्या गृहीतास आहे. मराठी कानाने ऐकले तर तो शब्द टोपी नसून डोके आहे, असे दिसून येईल.

प्रथम त्या मुलीचा प्रश्न घेऊ. “मराठी माणूस मराठीचे शब्दशः भाषांतर करतो, म्हणून चुकतो,” असे आपण सहज म्हणून टाकतो. परंतु हे खरे नाही. ‘मी जाणत आहे’ असे मराठीत कोण म्हणतो? हिंदी मनुष्य ‘मैं जानता हूँ’ म्हणतो; तेथे धातुसाधितापुढे ‘हूँ’ उभा आहे. गुजराती मनुष्य ‘हुं जाणुं छुं’ म्हणतो. तेथे ‘छुं’ उभा आहे. त्या दोघांस ‘ॲम’ शिकविला की तो आपल्या घरच्या ‘हूँ’वर अथवा ‘छुं’वर नेमका बसतो. मराठीत साधे ‘मी जाणतो’ हे साहाय्यक क्रियापदाविना पुरे होते, अगदी इंग्रजीसारखे. तेव्हा शब्दशः भाषांतर केले असते तर मराठी माणूस येथे चुकलाच नसता!

तरी तो चुकतो. आणि माझ्या अनुभवात तो नेमक्या तीन ठिकाणी चुकतो.

पहिले ठिकाण नकाराचे. ‘मी चहा घेतो’ ह्याचा नकार ‘मी चहा घेत नाही’. ‘मी चहा घेत आहे’ ह्याचाही नकार ‘मी चहा घेत नाही’. होकारात आपण दोन काळ वेगळे ठेवतो आणि नकारात ते एकाच वाक्यात मिसळून टाकतो. चहा कायमचा सोडला आहे, की आताच्या पेल्यापुरता नको आहे, हे मराठीत संदर्भावरून ओळखावयाचे. इंग्रजीत मात्र त्यासाठी दोन स्वतंत्र वाक्ये लागतात. आता ‘मला समजत नाही’, ‘मला आठवत नाही’ ही वाक्ये घ्या. ‘समजत’ आणि ‘आठवत’ ही रूपे ‘घेत’प्रमाणेच ‘त’कारान्त, विद्यार्थ्यास शिकविलेले असते की ‘त’ आला म्हणजे ‘इंग’ लावावा. तो बिचारा इमानाने लावतो. उत्तरपत्रिका तपासताना मी हे कितीदा तरी पाहिले आहे: होकारात ‘आय अंडरस्टँड’ असे बिनचूक लिहिणारा मुलगा नकारात ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ लिहून जातो. जुन्या मराठीत ‘जाणे’च्या समोर ‘नेणे’ असा एकशब्दी नकार होता. तो आपण ‘जाणता-नेणता’ ह्यासारख्या जोडशब्दांपुरता शिल्लक ठेवला. तो चालू भाषेत राहिला असता तर इंग्रजीच्या शिक्षकांचे पुष्कळ श्रम वाचले असते.

दुसरे ठिकाण अधिक मौजेचे आहे, कारण तेथे चूक आम्ही शिक्षकच शिकवितो. ‘तो खुर्चीवर बसला आहे’, ‘मूल झोपले आहे’, ‘तिने हिरवी साडी नेसली आहे’, ‘कोट खुंटीला टांगला आहे’: ह्या चारही वाक्यांत मराठीत कोणतीही क्रिया चाललेली नाही. बसणे होऊन गेले, नेसणे होऊन गेले. मागे उरली ती स्थिती, आणि ती ‘आहे’ने दाखविली. ह्यांचे इंग्रजी काय? ‘इज सिटिंग’, ‘इज स्लीपिंग’, ‘इज वेअरिंग’, ‘इज हँगिंग’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या मार्गदर्शकांपर्यंत एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी वाक्य ठेवून आपल्याकडे इंग्रजी शिकविले गेले. त्या पद्धतीने शिकणाऱ्या चिकित्सक विद्यार्थ्याने ह्या वाक्यांवरून कोणता नियम काढावा? मराठीत ‘आहे’युक्त स्थिती दिसली की इंग्रजीत ‘इज’ व ‘इंग’, हाच की नाही? तो नियम घेऊन तो ‘माझ्याजवळ सायकल आहे’ ह्या वाक्यापाशी येतो आणि ‘आय ॲम हॅव्हिंग अ बायसिकल’ म्हणतो. ‘मला माहीत आहे’ ह्याच्यापाशी येतो आणि ‘आय ॲम नोइंग’ म्हणतो. आम्ही तांबडी शाई काढतो. त्याने नियम मोडला म्हणून आम्ही गुण कापतो, परंतु त्याने नियम मोडलेला नसून आम्ही दिलेल्या उदाहरणांतून तो काढलेला असतो.

तिसरे ठिकाण मात्र केवळ सवयीचे आहे. शाळेत वर्तमानकाळ म्हणून जो पहिला धडा होतो तो हातवाऱ्यांसह ‘आय ॲम वॉकिंग’, ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ असा होतो. पहिली ओळख जिच्याशी होते तीच ओठांवर येते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

दुसऱ्या ठिकाणाकडे परत येतो. कारण माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली तेथे आहे. झीनो व्हेंडलर ह्या तत्त्वज्ञाने 1957 साली क्रियापदे व काळ ह्यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आणि क्रियापदांचे चार वर्ग पाडले. स्थिती ओळखण्याची त्याची कसोटी साधी आहे. ‘तू काय करीत आहेस?’ ह्या प्रश्नास ‘धावत आहे’ हे उत्तर होते. ‘जाणत आहे’ हे उत्तर होत नाही. आता ही कसोटी निरवांगीच्या पारावर लावून पाहा. ‘काय करतोस रे?’ ह्यास ‘मला माहीत आहे’ असे उत्तर तेथील लहान पोरही देणार नाही. म्हणजे जाणणे ही कृती नव्हे, हे मराठी माणसास पक्के ठाऊक आहे. किंबहुना इंग्रजापेक्षा अधिक पक्के ठाऊक आहे. इंग्रज ‘आय नो’ म्हणताना स्वतःस कर्त्याच्या आसनावर बसवितो. धावणाऱ्याचा जो ‘आय’ तोच जाणणाराचा. आपण मात्र ‘मी’ काढून ‘मला’ घालतो. मला माहीत आहे, मला आठवते, मला आवडते, मला वाटते. ज्ञान, स्मृती, आवड ही माणसाने केलेली कामे नसून माणसाच्या ठायी आलेल्या अवस्था आहेत, हे आपल्या विभक्तीनेच सांगून टाकले आहे. आणि ‘आहे’ हे त्या अवस्थेवरचे शिक्कामोर्तब होय.

असा मनुष्य जेव्हा ‘आय ॲम नोइंग’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातला भर ‘इंग’वर नसतो; तो ‘ॲम’वर असतो. ‘ॲम’ म्हणजे ‘आहे’, आणि ‘आहे’ म्हणजे स्थिरता. इंग्रज कान मात्र ‘ॲम’ गिळून टाकतो आणि ‘इंग’ ऐकतो. आणि ‘इंग’ म्हणजे त्यास चाललेली, थोड्या वेळात संपणारी खटपट. बोलणाऱ्याने स्थिती सांगितली. ऐकणाऱ्यास धांदल ऐकू आली. विनोद निर्माण होतो तो ह्या दोन कानांच्या मधल्या जागेत. त्या मुलीस जे विचारावयाचे होते, त्यात हसण्यासारखे काय आहे, त्याचे उत्तर मला एवढेच देता येते.

इंग्रजी अपूर्णकाळात क्षणिकतेची ही खूण खरोखर असते, हे एका जोडीवरून ध्यानात येईल. टेबलावर पुस्तक ‘इज लाइंग’; परंतु नीरेकाठी गाव ‘लाइज’. पुस्तक उद्या उचलले जाईल, गाव उचलले जाणार नाही. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘आहे’: पुस्तक पडले आहे, गाव वसले आहे. रस्त्यात माणूस ‘इज स्टँडिंग’, चौकात पुतळा ‘स्टँड्स’. मराठीत दोघेही उभेच आहेत. ह्या जोड्या मी वर्गात सांगू लागलो तेव्हापासून तांबडी शाई थोडी कमी लागते, असा माझा अनुभव आहे.

तथापि हा नियम वेदवाक्य आहे असेही कोणी समजू नये. शेक्सपियरच्या नाटकात पोलोनियस हॅम्लेटला काय वाचता म्हणून विचारतो ते साध्या वर्तमानकाळात. आजचा इंग्रज तेथे अपूर्ण काळच वापरील. घर बांधले जात आहे हे सांगण्यासाठी आजचे ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप प्रचारात येऊ लागले तेव्हा कित्येक पंडितांनी ते रानटी ठरविले. अमेरिकेतील रिचर्ड ग्रँट व्हाइट हा गृहस्थ 1870 सालच्या आपल्या पुस्तकात त्यावर तुटून पडला होता. त्याच्या मते घर ‘इज बिल्डिंग’ एवढेच पुरे होते. आज त्याचे शुद्ध रूप कोणी उच्चारले तर लोक त्यालाच हसतील. आणि 2003 साली मॅक्डोनल्ड कंपनीने ‘आय ॲम लव्हिंग इट’ ही घोषणा जगभर लावली, तेव्हा तिच्या चालकांस मुलाखतीतून कोणी परत पाठविले नाही. तेथे त्या ‘इंग’ने घासागणिक चाललेला आस्वाद दाखविला, हे खरे, पण तो दाखविण्याची मुभा कोणास असते आणि कोणास नसते, हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

ह्या विषयावर आपल्याकडे लिहिले गेले नाही असे नाही. जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ ह्या सनदी अधिकाऱ्याने 1907 साली भारतीयांच्या इंग्रजीवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. मथळ्यातच ते वाक्प्रयोगांतील दोषांचे परीक्षण असल्याचे सांगितले आहे. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, 1983 साली, ब्रज काचरू ह्यांचे इंग्रजीच्या भारतीयीकरणावरील पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे की, जे प्रयोग नियमाने व सर्वत्र होतात त्यांस चुका न म्हणता एका निराळ्या इंग्रजीची लक्षणे मानावे. व्हिटवर्थ दुरुस्त करतो, काचरू सांत्वन करतात. मला काचरूंचा पक्ष अधिक न्याय्य वाटतो. परंतु मुलाखत घेणारांनी काचरू वाचलेले नसतात. त्या मुलीस दुरुस्ती हवी होती आणि न्यायही हवा होता. ही दोन्ही एका पुस्तकात मला अद्याप मिळालेली नाहीत. मिळाली ती, काहीशी अनपेक्षितपणे, एझिकेलांच्या त्या निरोपाच्या कवितेत.

कवी बेने इस्राएल समाजाचे. ह्या समाजाची घरची भाषा पिढ्यानपिढ्या मराठी. कोकणपट्टीत शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. स्वतः एझिकेल इंग्रजीतच लिहीत राहिले, तरी मराठीशी त्यांचा संबंध नाममात्र नव्हता. इंदिरा संत ह्यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर ह्यांच्यासमवेत केला आणि तो 1975 साली, म्हणजे ‘हिम्स इन डार्कनेस’च्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. इंदिराबाईंच्या कवितेत ‘मला’ ह्या शब्दाचा भार काय असतो हे त्यांच्या वाचकांस सांगावयास नको. तो भार इंग्रजीत वाहून नेण्याचा उद्योग ज्याने केला, त्याच्या कानास ‘आहे’ आणि ‘इज’ ह्यांतील फरक ऐकू आला नसेल, हे मला संभवत नाही. अर्थात हे माझे अनुमान आहे. कवीने तसे कोठे लिहिले आहे असा माझा दावा नाही.

कवितेतील वक्ता मात्र मराठी नव्हे. सुरत-बलसाडच्या उल्लेखावरून, आणि होकारातही त्याचा ‘इंग’ जसा सहज येतो त्यावरून, तो मला गुजराती वळणाचा वाटतो. ‘श्रोत्यांस माहीत आहे’ हे तो होकारात अपूर्ण काळाने सांगतो. ‘छे’ची सवय असलेल्याचे ते बोलणे. आपला मराठी कारकून तेथे ‘यू ऑल नो’ म्हणून निभावला असता आणि गावाचे नाव विसरण्याच्या ठिकाणी अडखळला असता. त्या ठिकाणी दोघेही सारखेच अडखळतात, कारण तेथे नकार आहे. देशभक्ताच्या कवितेतही आरंभीच्या कडव्यात जगाच्या भांडणाचे कारण समजत नाही हे सांगताना पुन्हा तेच: नकार, आणि अपूर्ण काळ. कवीचा कान येथे एखाद्या व्याकरणकाराच्या तोडीचा आहे.

आता एक प्रयोग करावा. निरोपाचे ते भाषण मनातल्या मनात शुद्ध करून पाहावे. जेथे जेथे अपूर्ण काळ चुकीचा तेथे साधा घालावा. मी तो प्रयोग कागदावर केला. जे हाती आले ते कचेरीच्या शिक्क्याचे चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र होते. श्रोत्यांस बाईंचा गोडवा ‘माहीत आहे’ हे विधान शुद्ध होताच संपून जाते. अशुद्ध असताना तो गोडवा त्या खोलीत त्या क्षणी दरवळत असतो आणि सर्वजण मिळून तो जाणत असतात. बलसाड की सुरत हे वक्त्यास ‘आठवत नाही’ हे अशुद्ध रूपात असताना आठवण्याचा प्रयत्न अजून चालू आहे, बोलता बोलता कदाचित आठवेलही, अशी आशा राहते. शुद्ध रूपात तो विषय बंद होतो. येथे एक गोष्ट ध्यानात यावी. वक्त्याच्या मनातली स्थिती आणि इंग्रज कानाला ऐकू येणारी हालचाल, ह्या दोहोंचा कवीने एकाच वेळी उपयोग केला आहे. वक्त्यास म्हणावयाचे आहे की हे स्नेह, ही ओळख स्थिर आहे. भाषा ऐकविते की बाई दोन-तीन दिवसांत जाणार, हे सारे तात्पुरते आहे. निरोप-समारंभात ह्याहून खरे ते काय असते? व्याकरणातील ती चूक काढली तर कविताच जाते. हा हशाचा विषय आहे, हे मी नाकारीत नाही. पण वर्गात आम्ही हसतो ते चुकीच्या ठिकाणी नव्हे, तर चुकीच्या कारणासाठी.

देशभक्ताच्या कवितेस मी इतके गुण देणार नाही. तेथे कवीने दोषांची रास घातली आहे. उपपदे गळतात, शब्द दुणावतात, काळ चुकतात, आणि हे सर्व एकाच माणसाच्या तोंडी. ज्याने उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यास ठाऊक असते की खरा मनुष्य असा सर्व बाजूंनी चुकत नाही. तो आपल्या दोन-तीन ठराविक जागी, पुनःपुन्हा, एका विशिष्ट कारणानेच चुकतो. तो देशभक्त इंग्रजी सुधारावे म्हणून रोज ‘टाइम्स ऑफ इंडिया’ वाचतो असे कविता सांगते. इतक्या वाचनाने त्याची काही उपपदे तरी जागेवर यावयास हवी होती! मिस पुष्पाच्या सहकाऱ्यास कवीने समारंभात ऐकले असावे असे वाटते, देशभक्तास मात्र टाचणे जमवून तयार केले आहे. तरी त्याच्याही बोलण्यात एक जागा अस्सल आहे: शांततेच्या बाजूस आपण ‘उभे आहो’ हे तो अपूर्ण काळात सांगतो. इंग्रजी रीतीने ते पुतळ्याप्रमाणे ‘स्टँड’ हवे होते. ह्याच्या तोंडी तो रस्त्यातला माणूस झाला आहे, पाय दुखले की बसणारा. येथे व्याकरणाने माणसाचे जे माप घेतले आहे ते निर्दय आहे, पण अचूक आहे.

1976 सालीच अरुण कोलटकरांचे ‘जेजुरी’ प्रसिद्ध झाले. पुण्याहून सासवडमार्गे बारामतीच्या बाजूस यावयाचे तर जेजुरी वाटेत लागते. त्यामुळे आम्हां इकडच्या लोकांस ती कविता जरा घरची वाटते. कोलटकरांच्या इंग्रजीत ‘नोइंग’ची एकही गंमत नाही. पुजारी असो की म्हातारी, तिचे मराठी बोलणे स्वच्छ इंग्रजीत येते आणि ती माणसे हास्यास्पद होत नाहीत. हा मार्ग अधिक प्रतिष्ठेचा खरा. परंतु कोलटकरांची माणसे इंग्रजी बोलत नसतात. त्यांच्या मराठीचे भाषांतर कवी करतो. एझिकेलांची माणसे स्वतःच इंग्रजी बोलावयास उठली आहेत, कारण त्यांच्या कचेऱ्यांत त्यावाचून निभाव लागत नाही. त्या मुलीचा प्रश्न जेजुरीच्या म्हातारीस पडत नाही. मिस पुष्पाच्या सहकाऱ्यास पडतो.

ह्यांतले बरेचसे मी त्या मुलीस ओसरीवर बसून सांगितले. व्हेंडलर वगळला, गाव आणि पुस्तक ठेवले. ‘मला’ची गोष्ट तिला विशेष आवडली. ती म्हणाली, “पण काका, ‘आय डोन्ट नो’ म्हणताना तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. ‘नॉट नोइंग’मध्ये जरा तरी फट राहते.” तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला ह्या नियमाविरुद्ध इतके नेमके सांगितले नव्हते. दार थोडे उघडे ठेवावयाचे तर इंग्रजीत ‘आय ॲम अफ्रेड’ अशी सुरुवात करण्याची रीत आहे, हे मी तिला दाखविले. ‘भय वाटते’ असे म्हणून अज्ञान कबूल करण्याची ही तऱ्हा तिला आपल्या ‘नोइंग’पेक्षाही विचित्र वाटली, आणि तिचे हसू मला पटले.

पुढच्या महिन्यात तिची आणखी एक मुलाखत होती. आम्ही सराव केला. तीनदा तिने ‘आय डोन्ट नो’ बिनचूक म्हटले. चौथ्यांदा प्रश्न जरा अवघड विचारला तेव्हा ‘आय ॲम नॉट नोइंग’ बाहेर आले. मी तिला थांबविले आणि वाक्य पुन्हा म्हणावयास लावले. मुलाखत घेणारे एझिकेल वाचून आलेले असतात. पण ते कोणत्या वर्गात वाचलेले असतात हे मला माहीत आहे.